मेलेल्याची माफी

पी तिमनं टीव्हीवर चप्पल फेकली, तेव्हा मी बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांचा दावा लिहीत बसलो होतो. नेम चुकला. चप्पल भिंतीवरच्या कॅलेंडरला लागून माझ्या कॉफीत पडता पडता राहिली. टीव्ही आपला चालूच.

"हे बघ, पोंग! डोळे फोडून बघ!" ती ओरडली. "बाहुली आणलीय. मेलेल्या म्हातारीची लुंगी नेसवून बाहुली झोपवलीय आणि त्याला सांगतायत, दाब उशी. पोलीस ठाणं आहे की नाटक कंपनी?"

बातम्यांत आमच्याच जिल्ह्यातलं एक गाव दिसत होतं. तिथं याई ओन, म्हणजे ओनआजी, ही एकटी राहणारी म्हातारी आपल्या घरात गुदमरून मेलेली सापडली होती. गळ्यातली सोन्याची साखळी गायब. पोलिसांनी तिच्याकडे राबणारा खाम्पान नावाचा गडी पकडला होता, आणि आता नेहमीप्रमाणे त्याला त्या घरी नेऊन, खून कसा केला ते कॅमेऱ्यांसमोर करून दाखवायला लावलं होतं. डोक्यावर हेल्मेट, अंगात गोळी अडवणारं जाकीट, हातात बेड्या. कुंपणाबाहेर सगळा गाव, बायका चिखल मारतायत. खाम्पाननं उशी उचलली आणि शेजारच्या फौजदाराकडे वळून विचारलं, "साहेब, कुठल्या हातानं?"

"उजव्या," फौजदार म्हणाला.

हे साऱ्या देशानं ऐकलं आणि कुणाच्या कपाळावर आठी पडली नाही. खालच्या केस कापायच्या दुकानात लोक म्हणत होते, बघा, कसा निर्ढावलाय. वर आमच्या ऑफिसात पी तिम दुसरी चप्पल शोधत होती.

आम्ही दोघं एकाच खोलीत वकिली करतो. मी जमिनीची आणि वारसाहक्काची कामं बघतो. तशी कामं करणाऱ्याला रात्री झोप लागते आणि सणाला घरी आंबे येतात. ती फौजदारी बघते. वयानं माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला पी, म्हणजे ताई, म्हणतो. पण मोठेपणाचा तिला काही उपयोग झालाय असं दिसत नाही. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पपईच्या कोशिंबिरीत बारा मिरच्या घालून खाते आणि वर म्हणते, बाई फसवतेय, तिखट घातलंच नाही.

बाजारातली मासळीवाली तिला दर आठवड्याला विचारते, "वकीलबाई, खुन्यांना सोडवून झोप कशी येते गं तुला?"

"तुला शिळी मासळी विकून येते तशी."

आणि गंमत म्हणजे ही बाई पोलिसाची मुलगी. तिचे वडील आमच्या ठाण्यात हवालदार होते, तिथंच केस पांढरे झाले, तिथूनच निवृत्त झाले. लहानपणी ती ठाण्याच्या बाकावर बसून अभ्यास करायची आणि शिपाई तिला साखरेच्या गोळ्या द्यायचे. टीव्हीवर 'उजव्या' म्हणणारा फौजदार प्राचुअप नवखा शिपाई असताना तिच्या बापाच्या हाताखाली तयार झाला होता. तिच्या आईच्या हातचा भात खाऊन वाढला म्हटलं तरी चालेल. त्यामुळे तिचा राग परक्याचा नव्हता. आपल्या घरात कुणी घाण केली की जसा येतो, तसा होता.

ज्याला वकील परवडत नाही त्याला कोर्ट वकील देतं. त्या यादीतल्या दोघांनी खाम्पानचं नाव ऐकून पोट दुखतंय म्हणून सांगितलं. पी तिमनं स्वतःहून जाऊन ते काम मागून घेतलं. तुरुंग गावाबाहेर, तिची मोपेड बिघडलेली, म्हणून गाडी घेऊन मी गेलो. नाहीतर हे मला कशाला माहीत असतं!

काचेपलीकडे खाम्पान बसला. चाळिशीचा, उन्हानं काळवंडलेला, मनगटं एवढी जाड की बेडी रुतलेली.

"कबुलीजबाबावर सही का केलीस?" तिनं नमस्कार-चमत्काराच्या आधीच विचारलं.

"ते म्हणाले, कबूल केलं तर शिक्षा अर्धी होते. नाही केलं तर फाशी."

"आणि तू केलं होतंस?"

"नाही, बाई."

"मग?"

"मी तेच म्हटलं, मी नाही केलं. तर ते म्हणाले, नाही केलंस तर म्हातारीच्या हातावर पाणी घालताना रडत रडत माफी का मागितलीस? सगळ्या गावानं ऐकलंय."

पी तिम माझ्याकडे वळली. तिचा चेहरा बघून मी खुर्ची जरा मागे घेतली.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा उजवा हात उशीवर पसरून ठेवतात, आणि जो तो येऊन त्या तळव्यावर फुलांचं पाणी घालतो आणि म्हणतो, काया-वाचा-मनानं तुझं काही वाईट केलं असेल तर मला माफ कर. घरचे म्हणतात, शेजारी म्हणतात, ज्यानं मेलेल्याला जन्मात दोनदा पाहिलं तोही म्हणतो. मी माझ्या आत्याला म्हटलंय, सासऱ्याला म्हटलंय, आणि ज्याचं घर मी कोर्टात घालवलं त्या म्हाताऱ्यालाही म्हटलंय. फौजदार म्हणतो, सरकारी वकील म्हणतो, न्यायाधीशही म्हणत असणार, त्यांच्याही घरी माणसं मरतातच. पण खाम्पान म्हणाला आणि तो पुरावा झाला! चोर सोडून संन्याशाला सुळी देणारे निदान संन्याशाच्या मंत्राला कबुली म्हणत नाहीत.

"पण तू का रडलास?" तिनं विचारलं. "शब्द सगळेच म्हणतात. एवढा का रडलास?"

खाम्पाननं बेडीकडे बघितलं. "कडी," तो म्हणाला.

"कसली कडी?"

"मागच्या दाराची. याई आठ दिवस सांगत होती, खाम्पान, कडी निखळलीय, बसवून दे. मी म्हणालो, उद्या. मग अग्निबाणांचा सण आला. मी दोन दिवस पिऊन पडलो होतो. त्यातल्याच एका रात्री त्या दारानं कुणीतरी आत शिरलं." त्यानं नाक पुसलं. "मी कडी बसवली असती तर ती जगली असती. म्हणून माफी मागितली, बाई. बाकी काही नाही."

"हे पोलिसांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे मागचं दार उघडं असतं हे तुला माहीत होतं!"

परतीच्या वाटेवर तिनं खाम्पानचा शब्दन् शब्द वहीत उतरवून घेतला.

पुढच्या आठवड्यात खाम्पानची आई ऑफिसात आली. तिला सगळे मे साई म्हणत, साई-आई. केळीच्या पानात चिकट भात आणि भाजलेला मासा घेऊन आली होती. पाय सुजलेले. जिना चढून दम लागला होता, पण खुर्चीवर बसेना, जमिनीवरच बसली.

"बाई, त्याला कबूल करू दे," ती म्हणाली.

"मे, त्यानं केलेलं नाही."

"केलं नाही हे मला शिकवतेस? मी त्याला जन्म दिलाय. पण फौजदार म्हणाला, कोर्टातही कबूल केलं तर फाशीची जन्मठेप होईल. मग चांगला वागला की थोडी थोडी सूट मिळत जाते. लढला आणि हरला, तर?" तिनं पाय पुढे करून दाखवले. "किडन्या गेल्यात माझ्या. मला खरं-खोटं नकोय, बाई. तो जिवंत हवाय."

पी तिमनं टेबलावर मूठ आपटली. भाताची पुडी उडाली. "अर्धी शिक्षा, अर्धी शिक्षा! कपड्याच्या दुकानात बघितलंय ना, मे? आधी भाव दुप्पट चढवायचा, मग पाटी लावायची, अर्ध्या किमतीत! आणि आपण धावतो. ज्यानं खून केला त्याला ही सूट परवडते. ज्यानं केलाच नाही त्यानं कशाचे अर्धे भोगायचे? शून्याचे अर्धे किती होतात?"

"ओरडू नकोस माझ्यावर," म्हातारी शांतपणे म्हणाली. "मी नाही केला तो कायदा."

पी तिम एकदम खाली बसली. जमिनीवर, म्हातारीसमोर, गुडघे मुडपून. "तुझ्यावर नाही ओरडत, मे. ज्यांच्यावर ओरडायचं ते उंच खुर्चीवर बसतात आणि तिथं ओरडलं की मला बाहेर काढतात." मग म्हणाली, "मी त्याला विचारते. तुझं म्हणणं शब्दाला शब्द सांगते. तो म्हणेल ते करते."

आणि तिनं खरंच तसं केलं. काचेपलीकडे खाम्पानला आईचं सगळं म्हणणं सांगितलं, सुजलेल्या पायांसकट. मला वाटलं, आता हा मोडणार. तो म्हणाला, "आईला सांगा, याईचा हात हातात घेऊन मी खरं बोललो होतो. आता कोर्टात खोटं बोललो, तर तेही खोटं ठरेल. कडीचा गुन्हा माझा आहे. खुनाचा नाही."

मे साईनं हे ऐकलं आणि त्या दिवसापासून पी तिमशी बोलणं टाकलं. तारखेला यायची, मागच्या बाकावर बसायची, पोराकडे बघायची, निघून जायची. जामिनासाठी तिनं शेत पुढे केलं होतं; ते कमी पडलं. आमच्याकडे ज्याच्याकडे मोठी जमीन आहे तो खटला संपेपर्यंत घरी निर्दोष असतो. बाकीचे आत निर्दोष असतात.

खटला उभा राहायला वर्ष गेलं. पोलिसांकडे होतं काय? ठाण्यातली सही, टीव्हीवरचं नाटक, आणि ती माफी. याईची साखळी सापडली नव्हती, उशीवर काही मिळालं नव्हतं. आणि आरोपी कोर्टात नाही म्हणाला की नुसत्या ठाण्यातल्या कबुलीवर भागत नाही, जोडीला काहीतरी लागतं. म्हणून सगळा भार त्या माफीवर. गावच्या मुखियानं साक्ष दिली की हो, मी ऐकलं, खाम्पान हमसून हमसून माफी मागत होता. मग फौजदार प्राचुअप पिंजऱ्यात आला. कडक इस्त्रीचा गणवेश. पी तिमकडे बघून किंचित हसला, लहानपणी ओळखलेल्या पोरीकडे बघून हसतात तसा.

आमच्या कोर्टात साक्षीदार काय बोलला त्यापेक्षा न्यायाधीशांनी त्यातलं काय उचललं याला महत्त्व. ते साक्ष ऐकतात आणि तिचं सार स्वतः रेकॉर्डरमध्ये बोलतात. तेच टाइप होतं, तेच खरं. त्यांनी रेकॉर्डर उचलला नाही तर तुम्ही बोललात ते वाऱ्यावर गेलं.

"फौजदारसाहेब," पी तिमनं सुरुवात केली, "दोन वर्षांपूर्वी माझे वडील वारले. तुम्ही आला होतात?"

"आलो होतो. ते माझे गुरू होते."

"त्यांच्या हातावर पाणी घातलंत?"

"घातलं."

"काय म्हणालात?"

सरकारी वकील उठले. "साहेब, याचा खटल्याशी काय संबंध?"

"याचाच तर संबंध आहे!" तिचा आवाज चढला. न्यायाधीशांनी बोट वर केलं. तिनं आवाज गिळला आणि हात जोडले. "साहेब, माझा एवढा एकच प्रश्न आहे. साक्षीदारानं उत्तर द्यावं."

न्यायाधीशांनी मान डोलावली.

प्राचुअपनं टोपी या हातातून त्या हातात घेतली. "जे सगळे म्हणतात ते. काही चुकलं असेल तर माफ करा, असं."

"तुम्ही रडलात. मी शेजारी उभी होते, मी पाहिलं. रडलात की नाही?"

"...रडलो."

"मग सांगा आता, तुम्ही माझ्या बापाचा काय गुन्हा केला होता?"

प्राचुअपचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याचा ताठा सुटला. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याचीही दया आली.

"शेवटी आजारी होते तेव्हा मी भेटायला गेलो नाही," तो म्हणाला. "उद्या जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो."

"यानंही उद्याच म्हटलं होतं," पी तिम म्हणाली आणि खाम्पानकडे बोट केलं. "तुम्हाला घरी जाऊ दिलं. याच्या पायात साखळी घातलीत."

न्यायाधीश रेकॉर्डरकडे बघत होते. मग त्यांनी तो उचलला आणि सावकाश बोलले: "साक्षीदार सांगतो की मृताच्या हातावर पाणी घालताना क्षमा मागणं हा सर्वांचा रिवाज आहे. त्यानं स्वतःही मागितली आहे. त्याचा अर्थ गुन्हा केला असा होत नाही."

मागच्या बाकावर मे साईनं बोलणं टाकल्यापासून पहिल्यांदा पी तिमकडे पाहिलं.

निकालाच्या दिवशी खाम्पान निर्दोष सुटला. सुटला असं मी लिहितो, पण तो शब्द चुकीचा आहे. न्यायाधीशांनी वाचलं, पुरावा अपुरा, आरोपीला दोषमुक्त करण्यात येत आहे. मे साईनं हात जोडून कपाळाला लावले. आणि मग पुढचं वाक्य आलं: सरकारतर्फे अपील होणार असल्यानं, गुन्ह्याचं गांभीर्य पाहता, अपिलाचा निकाल लागेपर्यंत आरोपीला तुरुंगातच ठेवण्यात यावं.

"निर्दोष आहे," पी तिम जिन्यावर येईपर्यंत थांबली आणि मग फुटली, "निर्दोष आहे, म्हणून आत ठेवा! दोषी असता तरी आत ठेवलं असतं! मग कशाला पोंग, कशाला आपण काळा झगा घालतो? हे कोर्ट बंद करून टाका, बाहेर पाटी लावा, इथं आलात की आत जाता, निकाल काही लागो!" जिन्यावरचे लोक थांबून बघत होते. मी तिचा हात धरायला गेलो, तो तिनं झटकला.

मे साई खाली पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "बाई, खोटं न बोलता जिंकला ना तो?"

"जिंकला, मे."

"मग ठीक आहे," म्हातारी म्हणाली. "मी थांबते."

पण तिच्या किडन्या थांबल्या नाहीत. पावसाळा संपता संपता ती गेली.

पी तिमनं तीन कचेऱ्यांत भांडून, एका अधिकाऱ्याला तोंडावर निर्लज्ज म्हणून, खाम्पानला काही तासांसाठी आणायची परवानगी मिळवली. त्याच्यासाठी घरच्यांनी पाणी घालायचा विधी दुसऱ्या दिवसावर ढकलला होता. तुरुंगाची गाडी अंगणात आली. दोन पहारेकऱ्यांमध्ये तो उतरला, तपकिरी कपड्यांत, पायात साखळी. कोर्टानं निर्दोष म्हटलेला माणूस आईच्या प्रेताकडे खणखण वाजत चालत आला.

मे साईचा हात उशीवर पसरलेला होता. खाम्पाननं फुलांच्या पाण्याची वाटी घेतली. पाणी घातलं. सगळे थांबले होते. त्याचे ओठ हलले नाहीत. एक म्हातारा मामा मागून म्हणाला, "बोल रे पोरा. माफी माग. तिचा जीव अडकेल."

खाम्पाननं वळून आधी पहारेकऱ्याकडे पाहिलं. मग पी तिमकडे.

"वकीलबाई," त्यानं विचारलं, "बोलू का?"

पी तिमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मुठी आवळलेल्या होत्या. मग ती पुढे गेली, त्याच्या आणि पहारेकऱ्यांच्या मधे उभी राहिली, त्यांच्याकडे तोंड करून, पाठ त्याच्याकडे.

"बोल," ती म्हणाली. "हवं ते बोल तुझ्या आईशी. कोण ऐकतो ते मी बघते."

तो वाकला आणि आईच्या कानाशी काहीतरी बोलला. बराच वेळ बोलला. आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही.

तरुण पहारेकऱ्यानं सवयीनं मान लांबवली. "काय म्हणाला तो?"

"तुझी आई जिवंत आहे?" पी तिमनं विचारलं.

"नाही."

"तिला तू काय म्हणालास, तेच म्हणाला."

पहारेकऱ्यानं टोपी काढून काखेत धरली, वाटी घेतली आणि मे साईच्या हातावर पाणी घातलं. मग दोघांनी मिळून खाम्पानला उभं केलं, बेडी तपासली आणि परत तुरुंगात घेऊन गेले.